वर्गाबाहेर उभं केलं, तरी वही उडतेच? या चुका टाळा

गणिताचा तास लागला की मूल वही फेकतं, बाई त्याला व्हरांड्यात उभं करतात. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला वही पुन्हा उडते. उडणारच! त्याला गणित नको होतं आणि आपणच ते चुकवून दिलं.

शिक्षा बदलण्याआधी पाच दिवस नोंद ठेवा. रकाने तीन: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं. ‘फार मस्ती केली’ अशी नोंद कुचकामी आहे. ‘वही फेकली, 2 मिनिटं बाकाखाली बसला’ असं लिहा. काम टाळणं हेच कारण दिसलं तर दहाऐवजी तीन गणितं द्या आणि ‘थोडं थांबू?’ असं कार्ड द्या. कार्ड दाखवलं की 2 मिनिटं विश्रांती, मग तेच गणित पुढे. कार्ड वापरायला शिकवायचं ते मूल शांत असताना. चिडल्यावर काही शिकवता येत नाही. सुरुवातीला प्रत्येक वेळी कार्डाचा मान राखा, नाहीतर वही जास्त भरवशाची ठरते.

लक्ष वेधण्यासाठीचा आरडाओरडा दुर्लक्षित केला की तो आधी वाढतो. तिसऱ्या दिवशी वैतागून रागावलात, तर मूल शिकतं की आणखी जोरात ओरडायचं. मारामारी किंवा स्वतःला इजा होत असेल तर मात्र दुर्लक्ष मुळीच नको, आधी थांबवा.

शुक्रवारच्या बक्षिसासाठी सोमवारपासून चांगल्या वागण्याच्या चांदण्या जमवणं लहानग्यांना झेपत नाही. सुरुवात 3 टोकनांपासून (म्हणजे अशाच चांदण्यांपासून) करा, बक्षीस त्याच तासात द्या. कमावलेलं टोकन काढून घेऊ नका.

वडोदऱ्यात आणखी एक घोळ होतो. दांडिया बाजारातल्या मराठी घरातलं मूल शाळेत गुजराती ऐकतं, त्यातून एका दमात चार सूचना. ते गप्प बसलं की ‘ऐकत नाही’ हा शिक्का! एकच सूचना द्या, 5 ते 10 सेकंद थांबा, मग हवं तर त्याच शब्दांत पुन्हा सांगा, सोबत चित्र दाखवा. ‘मस्ती नको’पेक्षा ‘हात बाकावर’ लवकर कळतं.

कान पिळणं, कोंबडा करणं, चारचौघांत हिणवणं यांना 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 बंदी घालतं.

आणि नवरात्रात गरब्याहून येऊन उशिरा झोपलेल्या मुलांच्या ‘आधी’च्या रकान्यात झोपेचे तासही लिहा.