नाटकासाठी जोडीनं मुंबईला निघालात? या चुका टाळा

आम्ही सांगलीकर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ आमच्याच गावात उभं केलं, त्यामुळे नाटकातलं आपल्याला कुणी शिकवू नये अशी एक गुर्मी जन्मजात असते. त्याच गुर्मीत काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं थंडीत मुंबईला गेलो. पेपरात जाहिरात दिसली : रवि. दु. ४, भावे. हे म्हणाले, "भावे म्हणजे घरचंच की." सांगलीतलं नाट्यमंदिर त्याच नावाचं, म्हणून मलाही काही खटकलं नाही. दादरच्या लॉजवरून साडेतीनला टॅक्सीत बसलो. टॅक्सीवाल्यानं आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भावे? म्हणजे वाशीचं ना?"

खाडीपुलावर असतानाच चार वाजून गेले. पोहोचलो तेव्हा पहिला अंक निम्मा सरला होता. अंधारात "सॉरी, सॉरी" करत अकरा माणसांच्या गुडघ्यांवरून जागेवर गेलो. मागून एक आजोबा म्हणाले, "घड्याळं विकली का हो?" पुण्याचे असावेत.

तेव्हापासून डिसेंबर-जानेवारीत एक फेरी ठरलेलीच. तीन दिवस, दोन किंवा तीन नाटकं आणि उरलेल्या वेळात मुंबई. दरवेळी एखादी नवी चूक होते, पण जुन्या सहसा होत नाहीत.

जाहिरातीतलं आडनाव म्हणजे पत्ता नव्हे

नाटकाची जाहिरात मुंबईकरांसाठी लिहिलेली असते. तिथं नुसतं आडनाव किंवा नाव छापतात, बाकीचं गृहीत. म्हणून आधी हे पाठ करा. शिवाजी मंदिर म्हणजे दादर पश्चिम, प्लाझाजवळ, स्टेशनातून चालत. रवींद्र म्हणजे प्रभादेवी, सिद्धिविनायकाजवळ. दीनानाथ पार्ल्याला, पूर्वेला. प्रबोधनकार बोरिवलीला, कालिदास मुलुंडला, अत्रे कल्याणला, सावित्रीबाई फुले डोंबिवलीला आणि भावे, आता कायमचं लक्षात राहिलेलं, वाशीला.

ठाण्यात दोन आहेत आणि तिथं जुनेजाणतेही फसतात. गडकरी रंगायतन तलावपाळीला आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं. घाणेकर नाट्यगृह बरंच आत आहे, स्टेशनवरून रिक्षाच करावी लागते. ‘ठाणे’ एवढंच वाचून निघालात तर स्टेशनबाहेर उभं राहून भांडण होतं. यशवंत नाट्यमंदिराचं तसंच. ते माटुंग्याला, पण पश्चिम रेल्वेच्या माटुंगा रोडकडून जवळ. मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरलात तर इडली छान मिळेल, नाट्यगृह मात्र रुळांच्या पलीकडे राहील.

जुहूचं पृथ्वी वेगळ्याच तऱ्हेचं. ५ नोव्हेंबर १९७८ ला ते सुरू झालं आणि ५ नोव्हेंबर हाच आपला मराठी रंगभूमी दिन. जेमतेम दोनशे जागा, खुर्चीला नंबर नाही, रांगेत जो पुढे त्याची जागा चांगली. प्रयोग सुरू झाला की दार बंद, मग तुम्ही सांगलीहून आलात की सॅन होजेहून. "अहो, दोनच मिनिटं झाली" हे तिथं चालत नाही. तासभर आधी जा, कॅफेत चहा घ्या आणि वीस मिनिटं उरली की रांगेत उभं राहा.

आधी नाटक, मग रेल्वे : हा क्रम उलटा आहे

बाहेरगावच्या जोडप्याची सगळ्यात मोठी चूक हीच. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि शनिवार-रविवारच्या गाड्या तेव्हाच भरतात. आपल्या व्यावसायिक नाटकाची जाहिरात मात्र आठवडा-दहा दिवस आधी येते. एखादं नाटक मनात धरून दोन महिने आधी तारीख ठरवली, की नेमक्या त्या रविवारी त्याचा प्रयोग नाशकात लागतो. आमच्या व्याह्यांचं असंच झालं. मुंबईत दोन दिवस मॉल बघून परत आले.

म्हणून नाटक ठरवू नका, वार ठरवा. शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ हाती ठेवा. दादर, माटुंगा, प्रभादेवी, पार्ले एवढ्या पट्ट्यात शनिवारी-रविवारी पाहण्यासारखं काही ना काही लागलेलं असतंच. त्यातून निवडा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंकुलाचे आणि पृथ्वीचे कार्यक्रम बरेच आधी जाहीर होतात, त्यामुळे तिथली एखादी संध्याकाळ आधी पक्की करता येते. उतरायचं दादरला किंवा आसपास. दक्षिण मुंबईत खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून खोली घ्याल आणि रात्री साडेआठचा प्रयोग पार्ल्याला असेल, तर समुद्र टॅक्सीच्या मीटरवर दिसेल.

सोमवार ते गुरुवार खोली स्वस्त मिळते हे खरं. पण त्या दिवसांत मराठी प्रयोग तुरळक, सोमवारी पृथ्वी बंद, घारापुरीची लेणी बंद, कान्हेरीची बंद. स्वस्त खोलीत बसून काय करणार?

थंडीतल्या या तारखा बघून घ्या

६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. दादर, शिवाजी पार्कचे रस्ते त्यांच्यासाठी बदललेले असतात आणि ते बरोबरच आहे. त्या दिवशी दादरला जायचं तर अभिवादनाला जा. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, दुपार कशी जाते कळत नाही. नाटक मात्र दुसऱ्या दिवशी ठेवा.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते. सकाळी दक्षिण मुंबईतले बरेच रस्ते बंद. टॅक्सीवाला सरळ "नाही" म्हणतो. आणि २५ ते ३१ डिसेंबर खोल्यांचे भाव असे चढतात की त्यात सांगलीला दोन महिने संसार चालेल. आमचा अनुभव : डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा आणि जानेवारीचा दुसरा. बाकी तुमची हौस.

कपड्यांचं एकच सांगते. जानेवारीत मुंबईत पहाटे सतरा-अठरा अंश, दुपारी तीसच्या आसपास. मिरजेहून स्वेटर-कानटोपी घालून आलेला माणूस भायखळ्यापर्यंत घामाघूम होतो. पण शाल आणाच. ती हवेसाठी नव्हे, नाट्यगृहातल्या एसीसाठी. दुसऱ्या अंकात कळतं.

सकाळी सातला पोहोचून लॉजच्या पायरीवर बसणं

महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास मुंबईत सोडते. खोली मिळणार बाराला. पहिल्या वर्षी आम्ही एका लॉजच्या सोफ्यावर चार तास बसलो. समोरचा पोऱ्या आमच्या पायांखालून दोनदा फरशी पुसून गेला.

तोच वेळ खरं तर सोन्यासारखा आहे. सीएसएमटीला उतरा आणि बॅगा क्लोकरूममध्ये टाका. दोन अटी असतात : रेल्वेचं तिकीट जवळ हवं आणि बॅगेला कुलूप हवं. कुलूप नसेल तर बॅग घेत नाहीत. आम्हाला ते तिथं जाऊन कळलं, मग यांनी बाहेरच्या फेरीवाल्याकडून कुलूप आणलं.

मग मोकळ्या हातानं बाहेर या आणि रस्ता ओलांडून स्टेशनाकडे वळून बघा. रोज लाखो माणसं त्याच्या पोटातून जातात, पण थांबून बघणारी थोडी. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं ही इमारत बांधली जात होती. कोवळ्या उन्हात कमानींवरचे दगडी मोर, माकडं, पानं नीट दिसतात. दहानंतर गर्दीत मान वर करायची सोय नसते. तिथून धोबीतलावला चालत जा. कयानीमध्ये ब्रून-मस्का आणि चहा. हे १९०४ पासूनचं इराण्याचं हॉटेल, लाकडी खुर्च्या जरा करकरतात. पुढे ओव्हल मैदानाच्या कडेनं : एका अंगाला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, समोरच्या अंगाला आर्ट डेको शैलीच्या इमारतींच्या गोलाकार बाल्कन्या. दोन शतकं एका मैदानाच्या अंतरावर एकमेकींकडे बघत उभी आहेत. २०१८ मध्ये या दोन्ही अंगांना मिळून जागतिक वारशाचा मान मिळाला. सव्वादहाला काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं. दीड-दोन तासांत वर-खाली दोनच दालनं बघा, सगळं बघायचा हट्ट नको. तोवर खोली तयार होते.

आणि आता यांचं घोरणं

एका शनिवारी आम्ही घारापुरीला गेलो. गेटवेवरून सकाळची पहिली लाँच, तासाभराचा प्रवास, मग शंभरावर पायऱ्या, वर त्रिमूर्ती. तिच्यासमोर जितका वेळ उभं राहावं तितका थोडा. मधला चेहरा डोळे मिटलेला, खालचा ओठ जाड आणि शांत. आपण काही बोलत असलो तर आपोआप थांबतो. उतरताना कणसं, परतीच्या लाँचमध्ये डोक्यावर ऊन. अडीचला गेटवे, साडेतीनला दादर, चारला शिवाजी मंदिर. सगळं वेळेवर. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या अंकात रंगमंचावर नायिका मुलाला शेवटचं पत्र वाचून दाखवते आहे. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू यावी. आणि माझ्या डावीकडून एक लांब, खर्जातला सूर. मी कोपरानं ढोसलं तर हे दचकून मोठ्यांदा म्हणाले, "आलं का स्टेशन?"

तीन रांगा हसल्या. नायिका क्षणभर थांबली आणि पुढे वाचू लागली. तिचं कौतुक वाटलं.

तर नियम असा : ज्या दिवशी नाटक, त्या दिवशी दुपारी दोन तास आडवं व्हायचं. घारापुरी किंवा कान्हेरीसारखं पायांचं काम नाटक नसलेल्या दिवशी. नाटकाच्या दिवशी सकाळी जवळचं, सावलीतलं : गामदेवीचं मणिभवन, वाळकेश्वरचं बाणगंगा तळं, एखादी चित्रप्रदर्शनाची फेरी. शिवडीचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. ऐन ओहोटीला ते लांब चिखलात ठिपक्यांएवढे दिसतात, ऐन भरतीला चिखलच पाण्याखाली जातो. मधली वेळ धरावी.

तिकिटं आणि खुर्च्या

पहिली रांग मागू नका. मान दुखते आणि नटाच्या चेहऱ्यावरचा घाम मोजला जातो. पाचवी ते दहावी रांग, मधला भाग. संगीत नाटकाला आणखी दोन रांगा मागे गेलं तरी चालतं. ऑनलाइन ‘फुल्ल’ दिसलं तरी नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर एकदा विचारा, दोन खुर्च्या निघतात. तिकिटावर ठिकाण आणि वेळ दोन्ही एकमेकांना मोठ्यांदा वाचून दाखवा. आमच्याकडे आता हा विधीच आहे.

बिघडलंच तर

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद. मध्य आणि हार्बरवर साधारण अकरा ते चार, म्हणजे नेमका चारच्या प्रयोगाला जाण्याचा वेळ. शनिवारी रात्री बातमी बघा आणि तासभर जास्त हाती ठेवा. आता मेट्रो ३ मुळे दक्षिण मुंबईतून दादर, सिद्धिविनायक गाठणं सोपं झालंय, पण रात्री साडेदहाच्या सुमारास ती मिटते. साडेआठचा प्रयोग अकराला सुटतो. तेव्हा लोकल किंवा टॅक्सी.

उशीर झालाच तर आत घुसू नका. दारावरच्या माणसाला सांगा, तो प्रकाश बदलताना सोडतो आणि मागच्या रिकाम्या खुर्चीवर बसवतो. मध्यंतरात आपल्या जागी जा. प्रयोगच रद्द झाला, आणि कलाकार आजारी पडला की होतोच, तर खिडकीवरच्या तिकिटाचे पैसे खिडकीवरच मागा. तिथूनच दुसऱ्या नाट्यगृहात फोन लावा. दादरला असाल तर माटुंगा आणि प्रभादेवी अर्ध्या तासावर आहेत. आमची दोन उत्तम नाटकं अशी रद्द झालेल्या नाटकांच्या बदल्यात बघितलेली आहेत.

रविवारचा चारचा प्रयोग मात्र दादरलाच ठेवा. पावणेसातला सुटतो, गरम बटाटावडा खायला आणि सामान घ्यायला वेळ उरतो, आणि रात्रीची महालक्ष्मी दादरलाही थांबते. गेल्या वर्षी आम्ही तसंच केलं. गाडीत बसल्यावर यांनी क्लोकरूमच्या त्या कुलपाची किल्ली शोधायला पाकीट उघडलं. किल्ली नव्हती. मिरजेला भावजींनी पक्कडीनं कुलूप तोडलं.