पाच-पाच मोजणारी बाई आणि माझी आठ मिनिटं

लेखनगटात पहिल्यांदा जाताना वही न्या, कथा नेऊ नका. मी बारा पानं घेऊन गेले होते. पार्ल्यात वीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं, आता मुलगा बघतो, म्हटलं आपण लिहू. आमच्याकडे माणशी आठ मिनिटं असतात. पाचव्या पानावर मोबाइलचा गजर झाला आणि माझी नायिका जिन्यातच अडकली.

म्हणून दोन रविवार नुसतं ऐका. कोण ‘छान आहे’ म्हणून सोडून देतं नि कोण नेमक्या जागी बोट ठेवतं, ते कळतं. त्या दुसऱ्या माणसाशेजारी बसा. गट शोधायचा तर वाचनालयाच्या फलकापाशी विचारा, चहाची वर्गणी न मागता द्या, झालं.

मग आम्हाला काम मिळालं: परमुलखातली प्रेमकथा मराठीत सांगायची. मी वेल्सची घेतली. लिन-अ-वान-वाख नावाचं डोंगरातलं तळं. (‘फान फाख’ म्हणू नका, वेल्शमध्ये एकट्या ‘एफ’चा ‘व’ होतो.) अशा कथेची रूपं बरीच असतात, एकच धरा. मी 1861 साली छापलेलं धरलं.

आधी कथा पाच-सहा ओळींत बसवा. विधवेचा मुलगा गुरं चारताना तळ्यात बाई बघतो, तिच्यापुढे पाव धरतो. पहिल्या दिवशीचा पाव कडक म्हणून ती नाकारते, दुसऱ्या दिवशी नुसती भिजवलेली कणीक, तीही नको. तिसऱ्या दिवशीचा अर्धाकच्चा पाव घेते. लग्नाला अट एकच: विनाकारण तीनदा मारलंस तर परत जाईन. तीनदा होतं, ती जाते. पुढे तिची मुलं मद्वाय गावचे नामांकित वैद्य होतात.

आता तुमच्या हाताला जे ठाऊक आहे तिथे थांबा. मी पावापाशी थांबले. आधी ‘भाकरी’ लिहिलं होतं, तर एक मुलगी म्हणाली, “मावशी, तिकडे ज्वारी कुठली?” ‘पाव’ लिहिल्यावर सगळ्यांना वडा आठवला. शेवटी ‘घरच्या भट्टीतला जाडजूड पाव’ केलं आणि बाकी सगळं बोटांवर सोपवलं: दाबला तर आत ओलसर, कडेला नुकता धरलेला. हुंड्यात तिला एका श्वासात मोजता येतील तेवढी गुरं मिळणार असतात. ती एक, दोन, तीन, चार, पाच, पुन्हा एक, दोन असं मोजते. मीही पोळ्यांची चळत पाच-पाचचीच लावायचे, त्यामुळे ते वाक्य मला एका झटक्यात सुचलं.

उर्वशी-पुरूरव्याची अट आठवून कुणीतरी ‘ही तर आपलीच गोष्ट’ म्हणेलच. म्हणू दे. तळं पवईला आणू नका.

माराचे शब्द मात्र तोलून घ्या. पहिला मार म्हणजे बारशाला, त्यांच्या बाप्तिस्म्याला, निघताना ती रेंगाळते म्हणून हातमोज्याने खांद्यावर मारलेली टपली. दुसरा लग्नात ती रडते तेव्हा, तिसरा मयतीत हसते तेव्हा. मी ‘थप्पड’ लिहिलं होतं, ते खोडलं. टपलीच ठेवा, टोचते ती तीच. आमच्यातले एक आजोबा म्हणाले, “एवढ्यावरून कुणी संसार मोडतं का?” शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “शब्द कुणी दिला होता?” ही भांडणं कथेत घालू नका, ऐकणाऱ्यांना करू द्या.

घरी मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. मी कुकरच्या शिट्ट्यांवर वाचलं, तिथेच चुकलं. जाताना ती गुरांना नावानं हाका मारते, कापून आकड्याला टांगलेलं वासरूसुद्धा जिवंत होऊन मागे येतं. नांगराला जुंपलेले चार करडे बैल नांगर ओढतच वळले, आणि गजर. नियम म्हणजे नियम. बैल पुढच्या रविवारपर्यंत शेतातच उभे.