रिपोर्ट व्ह्यूअर आणि डिझायनर वेब ॲपमध्ये बसवताना या चुका टाळा

व्ह्यूअर म्हणजे वेब ॲपमध्ये रिपोर्ट दाखवणारा भाग, डिझायनर म्हणजे तिथेच रिपोर्टची मांडणी करायचा भाग. ब्राउझरमध्ये रिपोर्ट दिसला की काम संपलं, असं धरून बिल पाठवणारे बरेच आहेत. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हेच झालं. हळदीच्या सौद्यानंतर शेतकऱ्याला द्यायची पट्टी स्क्रीनवर झकास, पीडीएफमध्ये मात्र नुसते चौकोन. प्रोग्रामरने घाईत सर्व्हरवर फॉन्ट टाकला. चौकोन गेले, पण 'किलो'ची वेलांटी 'ल'ला जाऊन चिकटली आणि 'क्विंटल'मधला 'क्' पाय मोडून वेगळा उभा राहिला. मग फॉन्टवर फॉन्ट बदलणं सुरू. तोवर दिवाणजी पट्ट्या हाताने लिहीत बसले.

हे दोन वेगळे आजार आहेत. चौकोन म्हणजे सर्व्हरवर मराठी फॉन्टच नाही. ब्राउझर तुमच्या विंडोजमधला मंगल किंवा निर्मला यूआय वापरतो, सर्व्हरवरच्या लिनक्स कंटेनरमध्ये (ॲप चालवायच्या बंदिस्त डब्यात) ते नसतात. नोटो सान्स देवनागरीच्या फाइल प्रोजेक्टमध्येच ठेवा, कंटेनरची इमेज (साचा) बनताना कॉपी करा, एफसी-कॅश (फॉन्टची नोंद ताजी करणारी कमांड) चालवा आणि एफसी-लिस्टमध्ये (फॉन्टची यादी दाखवणारी कमांड) नाव दिसतंय का बघा. वेलांटी सरकली तर मात्र फॉन्टच्या मागे लागू नका. पीडीएफ काढणारं इंजिन अक्षरं जोडत नाहीये. एक्स्पोर्टमध्ये टेक्स्ट शेपिंगची (अक्षरं नीट जोडण्याची) सोय असेल तर चालू करा, नसेल तर एचटीएमएल काढून हेडलेस क्रोमियमने (खिडकी न उघडता चालणाऱ्या ब्राउझरने) पीडीएफ करा. 'शेतकऱ्याचे, किलो, क्विंटल, श्रीकृष्ण' एवढ्या चार शब्दांचा रिपोर्ट आधी सर्व्हरवरून काढावा, डिझाइनला नंतर हात लावावा.

व्ह्यूअर कोरा दिसतोय? सर्व्हरचं पॅकेज आणि जावास्क्रिप्ट फाइल एकाच व्हर्जनच्या आहेत का, ते आधी बघा.

डिझायनरमध्ये सेव्ह करताना ४१३ एरर (पाठवलेला मजकूर फार मोठा) आला तर बहुतेक लोगो जड आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मूळ मर्यादा १ एमबी असते. मर्यादा वाढवता येते, पण आधी लोगो बारीक करा.

पहिलं पान येतं आणि दुसऱ्यावर एरर, असं झालं तर रिपोर्ट एका सर्व्हरच्या मेमरीत आहे आणि विनंती दुसऱ्याकडे गेली आहे. कॅश (रिपोर्टचा तात्पुरता साठा) सगळ्या सर्व्हरना सामाईक ठेवा. सर्व्हर एकच असला तरी आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) मूळ सेटिंगमध्ये २० मिनिटं रिकामा राहिला की ॲप पूल (ॲप चालवणारी प्रक्रिया) झोपवतो, मेमरीतला रिपोर्टही जातो.

१२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ छापलं जात असेल तर डॉटनेटच्या अल्पाइन (छोट्या लिनक्सच्या) इमेजमध्ये आयसीयू (भाषा-देशानुसार आकडे, तारखा मांडणारी लायब्ररी) टाका आणि इनव्हेरियंट मोड (सगळ्यांना एकच मांडणी लावणारं सेटिंग) बंद करा.

आणि गिऱ्हाइकाला डिझायनर देताना 'एसए'चं (एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसचे सगळे अधिकार असलेलं) लॉगिन जोडणं हा शुद्ध आळस आहे. बऱ्याच डिझायनरमध्ये क्वेरी (डेटाबेसला द्यायचा हुकूम) लिहिता येते. फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं, डेटाबेसमधल्या ठरावीक व्ह्यूपुरतं (निवडक माहितीच्या तक्त्यापुरतं) वेगळं लॉगिन काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत.