गुडघ्याचे सांधेरोपण : आधीची तयारी आणि नंतरची काळजी

सांधेरोपणाची तारीख ठरली की घरात पैशांची आणि रजेची जुळवाजुळव सुरू होते. गुडघ्याची तयारी मात्र राहून जाते. ती शक्यतो महिनाभर आधी सुरू करावी, कारण दुखऱ्या गुडघ्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झालेला असतो आणि नवा सांधा त्याच्याच जोरावर चालणार असतो. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती गुडघ्याने खाली दाबून पाच आकडे मोजावेत आणि पाय सैल सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. मधुमेह आटोक्यात आणावा. किडलेला दात किंवा पायावरची जखम आधीच बरी करून घ्यावी, कारण तिथले जंतू रक्तावाटे कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

घरातली पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवाव्यात, आणि भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणावी.

बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. सगळ्यांचे लक्ष गुडघा किती वाकतो याकडे असते, पण तो पूर्ण सरळ होणे तितकेच महत्त्वाचे आहे. नाहीतर चालताना लंगड कायम राहते. आईला बरे वाटावे म्हणून मी तिच्या गुडघ्याखाली उशी सरकवली होती. फिजिओथेरपिस्टबाईंनी ती काढून टाचेखाली ठेवली. आई कळवळली, पण गुडघा आपल्याच भाराने हळूहळू खाली टेकू लागला. व्यायामाआधी अर्धा तास वेदनाशामक गोळी आणि नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, हा क्रम डॉक्टरांच्या संमतीने ठेवल्यास व्यायाम टाळावासा वाटत नाही. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना शस्त्रक्रियेचा.

सूज आणि ऊब काही महिने राहते, त्याने घाबरू नये. मात्र पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून स्राव येऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठावे.

मांडी घालून पंगतीला बसता येईल का, हे मात्र शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्यावे. बहुतेक डॉक्टर खाली बसणे आणि उकिडवे बसणे टाळायलाच सांगतात.