भंगारातलं टिपाड जनावराच्या पाण्याला लावण्याआधी बघा

ऊन वाढलं की गोठ्यात पाण्याची भांडी कमी पडतात, मग भंगारवाल्याकडून 200 लिटरचं पत्र्याचं टिपाड आणायचं, ग्राइंडरने उभं कापायचं आणि झाली दोन हौदं, हे आपल्याकडे सगळीकडेच चालतं. टिपाड वाईट नाही ओ, पण त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाच माहीत नसेल तर ते पाण्याला घेऊच नका. औषधाचं, केमिकलचं, जुन्या ऑइलचं टिपाड कितीही धुतलं तरी सांध्यात आणि गंजात राहिलेलं हळूहळू पाण्यात उतरतं, वास गेला म्हणजे विष गेलं असं होत नाही.

द्राक्षवाल्यांनी तर जास्तच जपा. नाशिक, सांगलीकडं बोर्डोसाठी (बुरशीवरची मोरचूद-चुन्याची फवारणी) मोरचूद, म्हणजे तांब्याचं मीठ, ज्या टिपाडात भिजवतो त्यातच नंतर पाणी भरून ठेवलं आणि वाटेनं जाणाऱ्या धनगराची मेंढरं त्यावर प्याली तर? मेंढराला तांबं अजिबात सोसत नाही, गाईपेक्षा कितीतरी कमी सोसतं. ते लिव्हरमध्ये साठत जातं आणि एक दिवस अचानक लघवी काळपट लाल होऊन जनावर जातं. म्हणून मेंढरांना तांब्याच्या भांड्यातही पाणी नको. युरिया कालवलेलं टिपाड पण तसंच वेगळं ठेवा, गाई-म्हशीला युरियाच्या पाण्याने फुगून, फेस येऊन काही वेळातच झटके येतात.

जुना ऑइलपेंट आतून सुटत असेल तर खरवडून परत रंगवत बसू नका, टिपाडच बदला. जुन्या रंगात शिसं असतं, वासरं चाटतात, मग आंधळ्यासारखी भिंतीला धडकतात, दात खातात. जस्ताचा पत्रा साध्या पाण्याला चालतो, पण त्यात ताक किंवा आंबलेलं काही ओतू नका, आंबटाने जस्त सुटतं. कोंबड्यांना पाण्यातून लस द्यायची असेल त्या दिवशी प्लास्टिकचीच भांडी घ्या, धातूने लस मरते.

कापलेली कड वाकवून किंवा फाडलेला पाइप चढवून घ्या, नाहीतर मान, जीभ, सड कापतात. टिपाड सावलीत ठेवा, उन्हातला पत्रा एवढा तापतो की जनावर तोंड लावून मागं होतं आणि मोठ्या जनावराला उन्हाळ्यात 60-80 लिटर पाणी लागतं, दुभत्याला त्याहून जास्त, ते कमी गेलं की दूध लगेच उतरतं.

सावलीत असूनही पाण्याला तोंड लावून झटकन मागं होत असेल तर मात्र आधी करंट तपासा. मोटरची सोललेली वायर टिपाडाला लागलेली असते, आपल्याला चप्पल असल्याने जाणवत नाही पण ओल्या जमिनीवर चार पायांवर उभ्या जनावराला जाणवतो. वायर बाजूला घ्या, अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) वायरमनकडून करून घ्या, स्वतः ओल्या हाताने हात घालू नका.

लाळ, फेस, थरथर, धडपड असं काही दिसलं तर पाणी तिथंच थांबवा, 1962 ला (जनावरांच्या डॉक्टरची हेल्पलाइन) फोन करा आणि टिपाडावरचं लेबल असेल तर डॉक्टरला दाखवा.