डबीतला कापूस : समुपदेशक म्हणून नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या केंद्रात, काम सुरू करून मला दोनच महिने झाले होते. एक मावशी पुढच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आल्या. उरलेल्या गोळ्या मोजायच्या म्हणून मी त्यांची डबी उघडली, तर वर कापूस कोंबलेला. दवाखान्यातला नव्हे, घरच्या शेतातला, दोन-तीन सरक्या अजून तशाच चिकटलेल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "एसटीत वाजते ना ते. बाजूले गावातलीच बाई बसून रायते. काय वाजून रायलं म्हणून विचारलं त मी काय सांगू?"

पहिल्या भेटीत याच मावशींना मी वीस मिनिटं माहिती दिली होती. विषाणू म्हणजे काय, गोळी का चुकवायची नाही, सुरुवातीला मळमळ झाली तर काय करायचं, सगळं सांगितलं. गोळ्या घरापर्यंत कशा नेणार, घरात कुठं ठेवणार, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये कापसाचं बंडल असतं.

या कामात मला अकरा वर्षं झाली. विदर्भातल्या तालुक्याच्या ठिकाणी आधी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या केंद्रात होते, मग एआरटी केंद्रात आले. दरवर्षी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, झालेली मुलं-मुली फोन करून विचारतात, "ताई, हे काम कसं असतं?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. ओळख पटू नये म्हणून गावांची नावं टाळली आहेत आणि माणसांचे तपशील बदलले आहेत.

नोकरीचं थोडक्यात सांगते. समाजकार्य किंवा मानसशास्त्राचं शिक्षण लागतं, पद कंत्राटी असतं, जाहिरात बहुधा जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडून, म्हणजे डापकूकडून निघते. मानधनावर घर चालवायचं असेल तर आधी घरच्यांशी मोकळेपणानं बोलून घ्या. रुजू झाल्यावर प्रशिक्षण मिळतं आणि ते चांगलं असतं. मन लावून करा.

उपचाराची बाजू आता पुष्कळ सोपी झाली आहे. सरकारी केंद्रात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळते. पूर्वी सीडी४, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी, ठरावीक आकड्याखाली येईपर्यंत थांबावं लागायचं. २०१७ पासून निदान झालं की सीडी४ कितीही असो, उपचार सुरू करता येतात. बहुतेकांना आता टीएलडीची रोज एकच गोळी असते. त्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकत्र येतात. गोळी नेमानं घेतली आणि व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत ते मोजणाऱ्या, तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य प्रत्येक नवरा-बायकोला समोर बसवून नीट सांगा. ते ऐकून ढसाढसा रडलेली माणसं मी पाहिली आहेत.

एवढी सोपी गोळी असून माणसं ती चुकवतात. का चुकवतात, ते फाइलमध्ये सापडत नाही.

नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवणारे एक भाऊ होते. तीस गोळ्यांच्या डबीत महिन्याअखेर नऊ उरायच्या. तीन महिने मी त्यांना तेच ऐकवत होते, "गोळी चुकवू नका, दारू पिऊ नका." ते मान हलवायचे आणि जायचे. एका दुपारी गर्दी नव्हती, म्हणून मी फाइल बाजूला ठेवली आणि म्हटलं, "भाऊ, कालचा दिवस सांगा. उठल्यापासून." तेव्हा उलगडलं. "गोयी सोडली नाही जी म्या. पेलो त्या दिवशीच नाही घेत. दारूवर गोयी घेतली त माणूस मरते म्हणते." म्हणजे माझंच बोलणं त्यांनी इमानदारीनं पाळलं होतं! दारू आणि गोळी एकत्र नको, असा त्यांनी अर्थ लावला. दारू सुटणारी नव्हती, मग गोळी सुटली.

त्या दिवशी आम्ही नवीन ठरवलं. गोळी सकाळी, ढाब्यावरच्या पहिल्या चहासोबत. रात्री पिणं झालं तरी सकाळची गोळी चुकणार नाही. दारू कमी कशी करायची, यावर दर भेटीला वेगळं बोलायचं. लांबच्या फेरीवर अडकले तर त्यांचं उपचारांच्या नोंदीचं पुस्तक दाखवून वाटेतल्या दुसऱ्या एआरटी केंद्रातून गोळ्या घेता येतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पुढच्या भेटीला डबीत दोन गोळ्या उरल्या होत्या.

दारूबद्दल विचारण्याचीही एक रीत आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथं "तुम्ही पिता का?" हा प्रश्न पोलिसानं विचारल्यासारखा वाटतो आणि उत्तर "नाही" असंच येतं. मी विचारते, "आठवड्यातून किती वेळा बसणं होते?" मग माणूस खरं सांगतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून एकदम बंद" असं परस्पर सांगू नका. अचानक सोडल्यावर हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांकडे पाठवा.

मनाच्या दुखण्याबद्दल मी सगळ्यात जास्त चुकले आणि सगळ्यात जास्त शिकले. आपल्या हातात नैराश्य ओळखायची पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी असते. "उदास वाटतं का?" असं पुस्तकी भाषेत विचारलं तर आमच्याकडची बाई "नाही जी, बरं हाय" म्हणून मोकळी होते. तीच बाई "कामात मन लागते का? रात्री डोळा लागते का?" असं विचारल्यावर अर्धा तास बोलते. "जीव घाबरते", "डोक्स भणभण करते" असे शब्द कानावर आले की पेन खाली ठेवा आणि ऐका. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा आहे, तो गाळू नका. विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला हायसं वाटतं.

उत्तर हो आलं, तर फवारणीचं औषध घरात कुठं ठेवलं आहे ते लगेच विचारा. ज्याच्यावर रुग्णाचा विश्वास आहे अशा माणसाला, रुग्णाच्या संमतीनं, ते कुलपात किंवा घराबाहेर ठेवायला सांगा. एचआयव्हीचा उल्लेख करायची गरज नाही. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी बोला. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हातात लिहून द्या. आणि बोलताना शब्द जपा. आमच्या भागात "औषध घेतलं" याचा अर्थ कीटकनाशक प्यायलं असाही होतो. एकदा मी फोनवर सहज विचारलं, "यांनी औषध घेतलं का?" पलीकडे म्हाताऱ्या सासूबाईंनी हंबरडाच फोडला. तेव्हापासून मी फक्त "गोळ्या" म्हणते.

फोनवरून माझी याहून मोठी चूक झाली आहे. तारीख चुकलेल्या एका तरुण बाईला मी फोन केला, तो तिच्या दिरानं उचलला. मी म्हटलं, "दवाखान्यातून बोलतेय." त्यानं विचारलं, "कोणत्या दवाखान्यातून? कशाचा दवाखाना?" मी गडबडले आणि फोन ठेवला. नंतर घरात तिची झडती झाल्यासारखे प्रश्न झाले. पुढचे चार महिने ती आली नाही. आली तेव्हा वजन सहा किलोनं उतरलेलं होतं आणि टीबीचा खोकला सुरू झाला होता. ती वाचली. पण ते चार महिने माझ्या एका फोनमुळे गेले, आणि ते मी विसरू शकत नाही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करायला त्यात मनाई आहे. कायदा वाचाच. आणि पहिल्या भेटीतच विचारून लिहून ठेवा : फोन कुणाचा, उचलणार कोण, कोणत्या वेळी करायचा, आणि दुसऱ्यानं उचलला तर काय सांगायचं. एका ताईंनी मला सांगून ठेवलंय, "बचत गटाची मॅडम बोलतेय म्हणा." मी तेच म्हणते.

योजनांचंही असंच. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीग्रस्तांचा समावेश आहे, एसटीच्या साध्या गाडीत सवलत आहे. पण कागद दाखवायचा म्हणजे कंडक्टरसमोर, गावच्या भरलेल्या गाडीत. कितीतरी जण गुपचूप पूर्ण तिकीट काढतात. त्यांच्यावर चिडू नका. फॉर्म भरायला बसण्याआधी विचारा, "हा कागद कुणाकुणाच्या हातातून जाईल, चालेल ना?" निर्णय त्यांचा.

जन्मतःच लागण झालेली मुलं आता कॉलेजात गेली आहेत. आई-बाप गेलेले, आजीनं वाढवलेली मुलं यात पुष्कळ. आजी सांगते, "रक्त वाढायच्या गोळ्या हायेत." एका मुलानं डबीवरचं नाव मोबाइलवर टाकून शोधलं आणि आजीशी बोलणंच बंद केलं. त्याला आजाराचं दुःख कमी होतं. सगळ्यांना माहीत होतं आणि आपल्यालाच नव्हतं, याचं जास्त होतं. मुलाला वयानुसार, टप्प्याटप्प्यानं सांगायला आजीला तयार करणं हे आपलं काम आहे, आणि त्याला एक भेट पुरत नाही. आजीचा हात धरून बसावं लागतं.

स्वतःचंही बघा. संध्याकाळी घरी गेल्यावर मला कधीकधी बोलवत नाही. केंद्रातल्या नर्सताईंशी निघण्याआधी दहा मिनिटं बोलते, रुग्णाचं नाव न घेता घरी आईशी बोलते. सुट्टी घ्यायला लाजू नका.

पहिल्या आठवड्यात फाइली वाचायच्या आधी तालुक्याचा दिनक्रम वहीत उतरवून घ्या. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी, सोयाबीन कधी निघतं, कापूस वेचणी कधीपासून. वेचणी किलोवर असते. हंगामात बाईला एक दिवस इथं बसवणं म्हणजे तिची त्या दिवसाची मजुरी बुडवणं. प्रकृती स्थिर असेल तर डॉक्टरांशी बोलून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात का पाहा, आणि तारीख बाजाराच्या दिवशीची द्या. एसटीचं वेळापत्रकही वहीत हवं. आमच्याकडे एका गावाची गाडी दुपारी दोनला सुटते, दुसरी थेट साडेपाचला. साडेपाचच्या गाडीनं उतरलं की पुढं तीन किलोमीटर अंधारात पायी जावं लागतं. त्या गावची माणसं रांगेत दिसली की त्यांना आधी आत बोलवा.