एचएस, ओएस आणि पहिलं सेमिस्टर

एनआयटीत, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, जाणार असाल तर जोसाच्या (त्यांच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) याद्यांमध्ये एचएस आणि ओएस ही अक्षरं बघून तुमचे डोळे दुखले असतील. होम स्टेट आणि अदर स्टेट. निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना, निम्म्या बाहेरच्यांना. आणि तुमचं राज्य ठरतं ते बारावी कुठून पास झालात त्यावरून. मातृभाषा कुणी विचारत नाही. म्हणून आमच्या वर्गात घरी मैथिली बोलणारी, पुण्यात शिकलेली मुलगी ‘महाराष्ट्राची’ होती आणि कोटा शहरात राहून तिथूनच बारावी दिलेला लातूरचा मुलगा ‘राजस्थानचा’.

मी कोल्हापूरची, नागपूरच्या व्हीएनआयटीत. कागदावर घरच्याच राज्यात. प्रत्यक्षात महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये अख्खा दिवस आणि रात्र काढली की मग घर. माझी रूममेट रायपूरची, म्हणजे ओएस. ती सकाळी गाडीत बसली की दुपारी आईच्या हातचं जेवते! भाषेचीही तीच गत. पहिल्याच आठवड्यात मी ‘जेवून येतो गं’ म्हणाले आणि नागपूरच्या मुली हसून लोळल्या. आमच्याकडे मुली असंच बोलतात, त्याला काय करणार? त्यांचं ‘काऊन’ (का) आणि ‘करून राहिली’ (करतेय) मलाही तितकंच नवं. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी इथल्या बोलीत मुरलेली आहे. त्यामुळे बाजारात रायपूरवाली माझ्याआधी रुळली.

तरीही गट पडले. अ‍ॅडमिशन पक्की झाली की सीनियर तुम्हाला राज्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात घेतात. तेलुगू मुलांचा वेगळा, आमचा वेगळा. त्यातून बाहेर पडा असं मी म्हणणार नाही. जुनी पुस्तकं, तिकिटं, डॉक्टर, सगळं तिथेच मिळतं. पण मेसमध्येही त्याच आठजणी शेजारी बसायला लागल्या की जरा सावध व्हा.

आमची चूक वर्कशॉपमध्ये झाली. फिटिंगच्या बॅचमध्ये आम्ही तिघी मराठी आणि एक विजयवाड्याची. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये धरून कानशीने घासायची, कडा काटकोनात आणायच्या. हात चालू, तोंडही चालू, सगळं मराठीत. आम्ही हसलो की तीही हसायची, पण किंचित उशिरा. ते माझ्या लक्षात आलं होतं आणि मी काही केलं नाही, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. चौथ्या आठवड्यात तिचा जॉब, म्हणजे घासलेली पट्टी, नापास झाला. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून जॉब उजेडासमोर धरायची, फट दिसते ती बाजू सोडून दुसरी घासायची, ही युक्ती आम्ही एकमेकींना दहादा सांगितली होती. मराठीत. ती बिचारी फटीचीच बाजू घासत राहिली.

नंतर आम्ही हिंदीवर आलो आणि स्वतःवर खूश झालो. तर ती म्हणाली, हिंदीही तिला आमच्या मराठीइतकीच परकी आहे. मग मोडकं इंग्रजी. पहिले दोन दिवस सगळ्याच अवघडलो, विनोद तर मेलेच. पण काम अडेनासं झालं आणि पुढच्या जॉबला तिची पट्टी आमच्याहून सरळ आली.

आणखी एक. एचएस आणि ओएस याद्यांचे शेवटचे रँक वेगळे असतात, त्यावरून पहिल्या महिन्यात फार टोमणे चालतात. ‘तू कोट्यातून आलीस ना?’ (गंमत म्हणजे यादी कोणतीही असो, कोटा दोघींनाही असतो.) रँक विचारू नका, कुणी विचारलाच तर विषय बदला. दुसऱ्या सेमिस्टरला तो कुणाला आठवतही नाही.

फिरायला मात्र न्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही विजयवाडावालीला मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणत काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, बघायला महाल भागात नेलं. ‘घेऊन जा गे मारबत’ हे तिने शिकलेलं पहिलं मराठी वाक्य. पुढे व्हायव्हा वाईट गेली की ती तेच ओरडायची.

दिवाळीला माझं तिकीट वेटिंगवरच राहिलं. रायपूरवालीने माझी बॅग परस्पर भरली आणि मला गाडीत घातलं. तिच्या आईने परतताना ठेठरी-खुरमीचा, म्हणजे छत्तीसगडी फराळाचा, डबा दिला. होस्टेलवर आलो तर आईने कोल्हापुराहून कुरिअर केलेल्या चकल्या माझी वाट बघत होत्या, अर्ध्याअधिक मोडलेल्या. दोन्ही डबे मधल्या टेबलावर ठेवले. ठेठरी आधी संपली.